अहो, हा कफ घशाचा नाहीच!

सॅकरिनचा एक कण. जेमतेम दिसेल एवढा. कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी चिमट्याने तो माझ्या नाकपुडीत जरा आत ठेवला, घड्याळाकडे पाहिलं आणि म्हणाले, "आता स्वस्थ बसा. नाक ओढायचं नाही, शिंकायचं नाही, काही खायचं-प्यायचं नाही. तोंड गोड लागलं की सांगा."

मी बसून राहिले. काहीच होईना. भिंतीवरचं कानाचं चित्र पाहून झालं, खिडकीबाहेरची वाहतूक पाहून झाली. आणि मग एकदम, तोंडात काहीही नसताना, जिभेच्या मुळाशी गोडवा उतरला! कुणी ढकललं नव्हतं, मी नाक ओढलं नव्हतं. नाकातला कण आपल्या पायांनी चालत घशात आला होता.

मला हे सगळ्यांना सांगायचंय. बसमध्ये सांगितलं, कँटीनमध्ये सांगितलं, माहेरी फोन करून सांगितलं, आता लिहूनच काढते. घशात सतत कफ अडकल्यासारखं वाटतं, खाकरून खाकरून जीव जातो, पण बाहेर काहीच पडत नाही, हे दुखणं आमच्या चाकण-भोसरीच्या पट्ट्यात इतकं सर्रास आहे की त्याला कुणी दुखणंही म्हणत नाही. "इथली हवाच तशी," एवढ्यावर विषय संपतो. आणि त्या एका कणाने मला दाखवलं की घशातला बराचसा कफ घशात तयारच होत नाही! तो वरून येतो, नाहीतर घशाला खालून त्रास होतो म्हणून साचतो. घसा बिचारा मधल्यामध्ये बदनाम.

आधी वरची गोष्ट. आपलं नाक आणि त्याच्या आजूबाजूच्या पोकळ्या रोज साधारण लिटरभर पातळ कफ बनवतात. लिटरभर! आजारपणात नव्हे, धडधाकट माणसात. त्यात पंच्याण्णव टक्क्यांच्या आसपास पाणीच असतं. चिकटपणा येतो तो म्युसिन नावाच्या प्रथिनांमुळे, आणि ही प्रथिनं पेशीत घट्ट दाबून ठेवलेली असतात. पेशीबाहेर पडली की पाणी शोषून काही क्षणांत शेकडो पटींनी फुगतात. या थराखाली सूक्ष्म केसांची दाट लव असते. ती सेकंदाला दहा-पंधरा वेळा हलते आणि कफाचा सगळा थर मागे घशाकडे सरकवत राहते. आमच्या कारखान्यातला कन्व्हेयर जसा अखंड सरकतो, तसा हा पट्टा. त्यावर धूळ, धूर, परागकण, जंतू चिकटतात, मागे जातात, आपण नकळत गिळतो आणि पोटातलं आम्ल त्यांचा निकाल लावतं. निरोगी नाकात सॅकरिनचा कण साधारण वीस मिनिटांच्या आत घशात पोचतो. माझ्या कणाला जास्त वेळ लागला, माझा पट्टा मंद चालला होता. म्हणजे कफ जास्त बनतोय यापेक्षा तो घट्ट होतोय आणि रेंगाळतोय, हा माझा खरा आजार. इतकी वर्षं मी कफ "कमी" करायच्या मागे होते, आणि करायचं होतं ते त्याला पातळ करून वाहतं ठेवणं.

पट्टा मंद का होतो? तंबाखूच्या धुराने होतो, सर्दी-पडशाने होतो, कोरड्या एसीच्या हवेत होतो, ॲलर्जीने आतून सूज आली की होतो. आणि आमच्याकडे आणखी एक गोष्ट आहे. मी महाळुंग्याला एका सुट्या भागांच्या कारखान्यात क्वालिटीत आहे. निगडीहून कंपनीच्या बसने जाते. माझी तपासणीची खोली मशीन शॉपला लागून आहे, आणि शॉपमध्ये धातू कापणाऱ्या सीएनसी मशीनवर पाण्यात कालवलेलं कूलंट, म्हणजे काम थंड ठेवणारं द्रव, धो-धो पडत असतं. जॉब झाला, ऑपरेटरने लगेच दार उघडलं की आतून पांढरट धुकं बाहेर येतं. मग तो एअर गनने जॉबवरचा धातूचा कीस उडवतो आणि उरलेलं कूलंट बारीक तुषार होऊन हवेत. ट्यूबलाइटच्या उजेडात डोळे बारीक करून पाहिलंत तर ते तरंगताना दिसतं. संध्याकाळी माझ्या टेबलावरच्या मायक्रोमीटरच्या डबीवरून बोट फिरवलं की बोट ओशट होतं. जे डबीवर बसतं ते नाकात बसणार नाही का?

आमच्या पट्ट्यात आठवड्याची सुट्टी गुरुवारी. शुक्रवारी सकाळी मशीनच्या टाकीजवळ गेलं की कुजका, अंड्यासारखा वास येतो. तो सगळ्यांच्या ओळखीचा आहे, पण त्याचं कारण मला आत्ता कळलं. दिवसभर कूलंट हललं नाही, वर गळक्या तेलाचा तवंग बसला, खाली हवा पोचली नाही, की हवेशिवाय जगणारे जीवाणू तिथे वाढतात आणि हायड्रोजन सल्फाइड सोडतात. सुट्टीनंतरचा तो वास जगभरच्या मशीन शॉपमध्ये येतो, फक्त बाकी जगात तो सोमवारी येतो. या वासासकट जे तुषार उडतात त्यांत जीवाणूंचे अंशही असतात, आणि कूलंटच्या धुक्यामुळे नाक, घसा आणि श्वासनलिकेला त्रास होतो ही औद्योगिक आरोग्यशास्त्रातली जुनी, पक्की माहिती आहे. उपायही आमच्या हातातले आहेत: तवंग काढणं, कूलंटचं प्रमाण रोज रिफ्रॅक्टोमीटरने तपासणं, सायकल संपल्यावर दार उघडण्याआधी थोडं थांबणं, एअर गनचा दाब कमी ठेवणं, आणि मशीनवर धुकं ओढून घेणारा मिस्ट कलेक्टर बसवणं. आमच्या सेटरकाकांना हे सांगितलं तर म्हणाले, "ताई, दार उघडायला अर्धा मिनिट थांबलो तर टार्गेट कोण देणार?" प्रश्न खरा आहे. पण अर्ध्या मिनिटाची किंमत त्यांच्याच घशाने मोजावी, हे मला आता पटत नाही.

बाहेरची हवा तर आहेच. पुणे-नाशिक रस्त्यावर तळेगाव चौकात कंटेनरच्या रांगेमागे दुचाकीवर उभं राहून पाहा. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेच्या 'सफर' यंत्रणेची केंद्रं भोसरीत, निगडीत, आळंदीत आहेत. तिथले आकडे मी हल्ली सकाळी बघते. थंडीत सकाळची गार हवा जमिनीलगत अडकून राहते आणि धूळ-धूर वर जात नाही, म्हणून डिसेंबर-जानेवारीत सगळी बस खोकत असते.

आता खालची गोष्ट, आणि ही ऐकून तर मी खुर्चीतून उठायचीच बाकी होते! डॉक्टरांनी विचारलं, "जेवता किती वाजता?" घशाचा आणि जेवणाच्या वेळेचा काय संबंध? आहे! जठरातलं आम्ल आणि पेप्सिन वर चढून थेट घशापर्यंत पोचू शकतं, आणि पुष्कळांना छातीत जळजळ होतच नाही. आंबट ढेकर नाही, पित्त नाही, काही नाही. फक्त घशात गोळा अडकल्यासारखं वाटतं, सकाळी आवाज बसलेला असतो आणि खाकरत राहावंसं वाटतं. अन्ननलिकेला आम्लाची थोडी तरी सवय असते, स्वरयंत्राच्या नाजूक त्वचेला अजिबात नसते. ती चिडते आणि स्वतःला वाचवायला कफाचा लेप चढवते. म्हणजे तिथे कफ हा आजार नाही, ते पांघरूण आहे!

आणि आता आमच्या पट्ट्याचं वेळापत्रक बघा. सेकंड शिफ्ट बाराच्या सुमारास सुटते. बस फिरत फिरत घरी सोडेपर्यंत एक. ताट झाकून ठेवलेलं असतं, माणूस भुकेने कासावीस, भाकरी, झणझणीत कालवण, भात पोटभर जेवतो आणि दीडला आडवा होतो. पोट भरलेलं, शरीर सपाट. आम्लाला वर यायला आणखी काय हवं? सकाळी उठून मोरीशी उभा राहून खाकरतो आणि रस्त्यावरच्या धुळीला शिव्या घालतो. हजारो घरांत हे रोज चालतं. माझे यजमान सेकंड शिफ्टला असले की आमच्याही घरात चालायचं. आता ते आठच्या ब्रेकमध्ये कँटीनला पोटभर जेवतात आणि घरी येऊन फार तर थोडं ताक किंवा एखादं केळं घेतात. झोपण्याआधीच्या तीन तासांत पोटभर जेवण नाही, आणि पलंगाच्या डोक्याकडच्या पायांखाली विटा घालून सहा इंच उंची. उशांची चवड नको, तिने मान वाकते आणि पोट दाबलं जातं. थोड्याच दिवसांत त्यांचं सकाळचं खाकरणं एवढं कमी झालं की सासूबाईंनी विचारलं, "आज हा उठला नाही का अजून?"

केळं म्हटल्याबरोबर सासूबाईंच्या कपाळाला आठी पडली होती, ते वेगळंच. केळं, दही, दूध म्हणजे कफ, हे आपल्याकडे जन्मापासून ऐकलेलं. दुधाबद्दल मात्र १९९० साली ऑस्ट्रेलियात नीट तपासणी झाली. माणसांना मुद्दाम सर्दीच्या विषाणूची लागण करून त्यांनी किती दूध प्यायलं आणि नाकातून किती स्राव आला हे मोजलं. संबंध सापडला नाही. दूध लाळेत मिसळलं की तोंडात काही काळ दाट लेप राहतो, तो आपल्याला कफासारखा वाटतो, एवढंच. ज्याला खरंच त्रास होतो त्याने सोडावं, पण पोरांचं दूध बंद करायचं कारण नाही.

आता खाकरणं. हे मी सगळ्यात जास्त जोर देऊन सांगतेय. आपण "ख्खर्र" करून घसा साफ करतो तेव्हा स्वरयंत्राच्या दोन्ही पट्ट्या एकमेकींवर आपटतात, घासतात. त्या सुजतात. सुजल्या की तिथे काहीतरी अडकलंय असं मेंदूला वाटतं. म्हणून पुन्हा खाकरतो. आणखी सूज, आणखी कफ, आणखी खाकरणं! मूळ कारण बरं झालं तरी हे चक्र आपल्या जोरावर वर्षानुवर्षं फिरत राहू शकतं. डॉक्टरांनी सांगितलेला उपाय इतका साधा की मी दोनदा विचारलं. खाकरावंसं वाटलं की पाण्याचा एक घोट. पाणी नसेल तर हनुवटी जरा खाली घेऊन एकदा जोर लावून गिळायचं. तरीही राहवत नसेल तर आवाज न करता, नुसत्या हवेने "ह" करायचं. बस. पहिले काही दिवस फार जड गेलं, हात आपोआप तोंडाकडे जायचा. बाटली टेबलावर ठेवली, तपासणीच्या दर बॅचमागे एक घोट असा नियम केला. आणि घशातला गोळा विरघळत गेला! औषधाविना!

आणि आता जलनेती. खरं तर लेख इथूनच सुरू करणार होते. निगडी-आकुर्डीहून लोकल पकडली की शेवटचं स्टेशन लोणावळा, आणि लोणावळ्यात कैवल्यधाम, स्वामी कुवलयानंदांनी १९२४ साली स्थापन केलेलं. योगक्रिया प्रयोगशाळेत तपासून पाहायच्या, मोजायच्या, छापायच्या, हा त्यांचा ध्यास. त्याच साली त्यांनी 'योगमीमांसा' हे नियतकालिकही सुरू केलं. नेती ही हठयोगाच्या षट्कर्मांतली क्रिया. ती मला साधूबुवांची गोष्ट वाटत होती. आणि आधुनिक कान-नाक-घशाचे डॉक्टर माझ्या कागदावर पहिली ओळ लिहितात ती हीच: मिठाच्या पाण्याने नाक धुणे. शंभर वर्षांपूर्वी तासाभराच्या अंतरावर जे शिकवलं जात होतं, ते आज जगभर जुनाट सायनसच्या उपचारात अधिकृतपणे सांगितलं जातं. अंगावर काटा आला मला!

पद्धत सांगते. अर्धा लिटर पाणी, त्यात चहाचा पाऊण चमचा, म्हणजे साधारण साडेचार ग्रॅम मीठ. आपल्या शरीरातल्या द्रवांचा खारटपणा साधारण एवढाच असतो, म्हणून झोंबत नाही. नुसतं पाणी घेतलंत तर मात्र कपाळात कळ जाते. पाणी कोमट, मनगटावर टाकून पाहावं. बेसिनवर वाकायचं, मान एका बाजूला कलती, तोंड उघडं आणि श्वास तोंडाने. नेतीपात्राची तोटी वरच्या नाकपुडीला लावली आणि हलकेच तिरकं केलं. क्षणभर काहीच नाही, मग नाकाच्या मुळाशी एक उबदार जाणीव, आणि खालच्या नाकपुडीतून धार! स्वच्छ, सलग धार, आणि तिच्यासोबत बाहेर आलेला तो करडा चिकट धागा. महाळुंग्याच्या शॉपची, तळेगाव चौकाची सगळी धूळ त्या बेसिनमध्ये मी डोळ्यांनी पाहिली. दुसऱ्या बाजूने तसंच. मग वाकून दोन्ही नाकपुड्यांतून हलके हलके श्वास सोडत पाणी काढायचं, नाक दाबून जोरात शिंकरायचं नाही, नाहीतर पाणी कानाकडे जातं. त्यानंतरचा पहिला श्वास! मला शेजारणीच्या फोडणीतल्या कढीपत्त्याचा वास आला, दोन खोल्या पलीकडून. किती वर्षांनी.

एक गोष्ट मात्र हात जोडून सांगते. पाणी उकळलेलंच हवं. चांगलं खळखळून उकळायचं आणि मग कोमट होऊ द्यायचं. पिंपरी-चिंचवडला २०१९ पासून दिवसाआड पाणी येतं, ते टाकीत, पिंपात साठतं. नेग्लेरिया फाउलेरी नावाचा अमीबा कोमट गोड्या पाण्यात राहतो. पोटात गेला तर काही करत नाही, पण नाकातून गेला तर मेंदूपर्यंत पोचतो आणि माणूस सहसा वाचत नाही. २०११ मध्ये अमेरिकेतल्या लुइझियाना राज्यात नळाच्या पाण्याने नाक धुणारे दोघेजण असेच गेले. हे अतिशय दुर्मिळ आहे, पण पाणी उकळायला दहा मिनिटं लागतात आणि तेवढ्याने हा धोका संपतो. भांडंही धुऊन कोरडं ठेवायचं. कान दुखत असेल, नाकातून वरचेवर रक्त येत असेल, नाकाची शस्त्रक्रिया झाली असेल, तर आधी डॉक्टरांना विचारा.

औषधांचं थोडक्यात. ॲलर्जी असेल तर नाकात मारायचा स्टेरॉइडचा फवारा डॉक्टर देतात. तो उजव्या हाताने डाव्या नाकपुडीत आणि डाव्या हाताने उजव्या नाकपुडीत मारायचा, म्हणजे मधल्या पडद्यावर न बसता बाहेरच्या भिंतीवर बसतो, आणि परिणाम दिसायला काही दिवस द्यायचे. चोंदलेलं नाक लगेच मोकळं करणारे थेंब चार-पाच दिवसांपलीकडे नकोत, नाक उलट जास्त चोंदतं. सर्दीच्या जुन्या प्रकारच्या गोळ्यांनी झोप येते. त्या खाऊन प्रेसवर किंवा फोर्कलिफ्टवर बसू नये. ब्लडप्रेशरच्या काही गोळ्यांनी, एनालाप्रिल, रॅमिप्रिल वगैरे, घशात खवखव आणि कोरडा खोकला होतो, तेव्हा डॉक्टरांना तसं सांगावं, स्वतःहून गोळी सोडू नये. वाफेने बरं वाटतं, पण उकळतं पातेलं मांडीवर घेऊन नको, भाजल्याच्या घटना फार होतात. आल्याचा चहा, ज्येष्ठमधाची कांडी, मिठाच्या गुळण्या यांनी घसा निवतो, जरूर घ्या. ब्लडप्रेशर असेल तर ज्येष्ठमध रोज नको.

आणि अँटिबायोटिक? पिंपरी हे अँटिबायोटिकचं गाव. हिंदुस्थान अँटिबायोटिक्स १९५४ साली इथे उभी राहिली आणि सरकारी कारखान्यातलं देशातलं पहिलं पेनिसिलिन इथे बनलं. एच.ए. कॉलनीचा स्टॉप रोज बसच्या खिडकीतून दिसतो. पेनिसिलिनने किती जीव वाचवले त्याला गणती नाही, आणि म्हणूनच ते जपून वापरायला हवं. कफ हिरवा-पिवळा झाला की आपण मेडिकलमधून पट्टी आणतो. पण तो रंग आपल्याच पांढऱ्या पेशींतल्या एका हिरवट द्रव्याचा असतो. साध्या विषाणूच्या सर्दीतही येतो. नुसत्या रंगावरून अँटिबायोटिक ठरत नाही.

हे सगळं ज्यांना लागू नाही, त्यांच्यासाठी शेवटचं, आणि ते तितकंच महत्त्वाचं. खोकला दोन आठवड्यांहून जास्त टिकला, कफात रक्त दिसलं, वजन उतरतंय, संध्याकाळी कणकण येते, तर आधी बेडक्याची तपासणी. क्षयरोगाची तपासणी आणि औषधं सरकारी दवाखान्यात मोफत आहेत. पिंपरीत संत तुकारामनगरला वायसीएम रुग्णालय आहे, कामगारांसाठी चिंचवडच्या मोहननगरला ईएसआयचं रुग्णालय आहे. आवाज तीन आठवड्यांहून जास्त बसलेला असेल किंवा गिळताना त्रास होत असेल, विशेषतः तंबाखू, मिश्री, गुटखा असेल, तर घसा दुर्बिणीतून बघून घ्या, उद्यावर टाकू नका. आणि फाउंड्रीत, शॉट ब्लास्टिंगला, ग्राइंडिंगला असाल तर आपण काय काम करतो ते डॉक्टरांनी विचारलं नाही तरी सांगा. माझ्या डॉक्टरांनी विचारलं म्हणून कूलंटचा विषय निघाला.

कारखाना चालवणाऱ्यांना एवढीच विनंती: शुक्रवारी सकाळी पहिली सायकल सुरू करण्याआधी टाकीवरचा तवंग काढायला एक माणूस आणि पंधरा मिनिटं द्या. आणि सेकंड शिफ्टवाल्यांनो, आज जेवण आठच्या ब्रेकमध्येच उरका.